साहेबाचा खंजीर, चिंच आणि राख

आमच्या घरी एका गोऱ्या फौजी साहेबाचा खंजीर होता, आणि दर दसऱ्याला मोठी आई तो चिंच आणि राखेनं घासायची. हंडा घासतात तसा. पाटावर बसून, बांगड्या कोपरापर्यंत सारून, ओठ घट्ट मिटून. आधी चिंचेचा कोळ, मग चुलीतली चाळलेली राख, मग नारळाची शेंडी, मग पुन्हा चिंच. घासून झाला की उन्हात धरून मान तिरकी करून बघायची आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "पाहा, तोंड दिसते आता यात."

तोंड खरंच दिसायचं. लांबट, वेडंवाकडं, पण दिसायचं.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, आणि ते थोरले भाऊ म्हणजे आमचे मोठेबाबा. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे माझ्यावर दोन आयांचा आणि दोन बापांचा हक्क होता, आणि मी चौघांचाही पुरेपूर गैरफायदा घेतला. मोठेबाबा तरुणपणी फौजेत भरती झाले, दुसऱ्या महायुद्धात समुद्रापार जाऊन आले. येताना एक लोखंडी ट्रंक, दोन कांबळी आणि हा खंजीर घेऊन आले. जाताना आईनं कमरेला बांधलेला चांदीचा करदोडा मात्र आला नाही. त्यांच्या आईनं म्हणे दारातच पहिलं ते विचारलं. नदीत पडला, म्हणाले.

आम्ही पोवार. आमचे पूर्वज माळव्यातून तलवारी घेऊन आले आणि इथं गोंदियाकडे येऊन धानाच्या बांध्या बांधत बसले, असं आमच्यात सांगतात. तलवारी कुठे गेल्या कोणाला ठाऊक नाही. त्यामुळे दसऱ्याच्या शस्त्रपूजेला आमच्या घरी नांगराचा फाळ, दोन विळे, एक कुऱ्हाड एवढंच असायचं. खंजीर आला आणि मोठेबाबांच्या वडिलांची छाती फुगली. त्यांनी सगळ्या गावाला सांगितलं, पोरानं दुश्मनाच्या कमरेचा हिसकून आणला. पहिल्याच दसऱ्याला तो ताटात मधोमध बसला, फाळ आणि विळे बाजूला सरकले. घरातल्या कर्त्या पुरुषानं कुंकवात भिजवलेले तांदूळ अंगठ्यानं पात्यावर दाबायचे, मुठीपासून चार बोटं खाली, दरवर्षी त्याच जागी. ताट रात्रभर देवघरात. सकाळी तांदूळ झाडायचे आणि खंजीर धानाच्या कोंड्याने भरलेल्या मडक्यात खुपसून ठेवायचा, गंज लागू नये म्हणून.

आता मजा बघा. पुढच्या दसऱ्याला मडक्यातून काढला की त्या चार बोटांखालच्या जागी तांबडा डाग. तुरीच्या दाण्याएवढा. मोठी आई घासून घासून काढायची, वर्षभरानं तो पुन्हा हजर. जागा तीच. आता याला गाव काय म्हणणार? रक्त म्हणणार. आणि मी काय करणार?

मी गोष्ट करणार. तो माझा स्वभावच आहे. शाळेत मास्तर झालो तरी अंगातला नट गेला नाही. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच, नाटकं होतात, त्यात मी खलनायक असायचो. माझ्या तोंडी हा खंजीर म्हणजे सोन्याची खाण. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, एसटीची वाट बघताना मी त्याची गोष्ट सांगायचो आणि दरवेळी साहेबाला काहीतरी नवं द्यायचो. आधी निळे डोळे दिले. मग करकर वाजणारे बूट दिले. एकदा दवनीवाड्याला ऐकणारे फारच रंगात आलेले पाहून मी त्याला लंगडा पायसुद्धा देऊन टाकला. साहेब मरताना म्हणतो, माझा खंजीर घ्यायला येईन. आणि येतो, भर दुपारी, घर निजलेलं असताना. ठक... ओढ. ठक... ओढ. मी टेबलावर हातानं ते वाजवून दाखवायचो. माणसं चहा विसरायची.

मोठेबाबांनी ही गोष्ट ऐकली होती की नाही, मी कधी विचारलं नाही. दसऱ्याच्या सकाळी ते उठून तलावाच्या पाळीवर जाऊन बसत आणि पूजा उरकल्यावर परत येत. आम्हाला वाटायचं, माणूस मारल्याची आठवण होत असेल. तशी कल्पना मला सोयीची होती. गोष्टीत बसत होती.

१९९९ साली त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. गोंदियाला नेऊन आणलं, हिरवी पट्टी बांधून काही दिवस ठेवलं. कित्येक वर्षं त्यांना सगळं धुक्यातलंच दिसत होतं. पट्टी सुटली आणि चार-सहा दिवसांत दसरा आला. त्या वर्षी त्यांच्यानं पाळीपर्यंत चालवलं नाही, म्हणून ते घरातच खाटेवर होते. ताट समोरून गेलं. त्यांनी हाक मारली.

"थांब. आन इकडे."

मोठी आई हौसेनं ताट घेऊन गेली. नवऱ्यानं पन्नास-बावन्न वर्षांत पहिल्यांदा खंजीर पाहायला मागितला होता. त्यांनी तो उचलला, नव्या डोळ्याजवळ धरला. एक बाजू पाहिली, उलटा केला, दुसरी पाहिली. मग बोट फिरवलं.

"बेलबुट्टी कुठं गेली?"

"कोनती बेलबुट्टी?"

"पात्यावर होती. दोन्ही अंगानं. मुठीवर पाखरू होता, त्याले चोच होती. चोच कुठं गेली?" त्यांचा आवाज वाढत गेला. "साखळी होती. साखळी कायले काढली?"

"काळी पडली होती, काढली," मोठी आई म्हणाली. "मी साफच केला ना जी. खराब नाई केला."

मोठेबाबांनी खंजीर मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो माणूस मी तोवर रडताना पाहिला नव्हता. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन घास. आणि त्यानंतर ते दुपारचं ऐकू लागले.

म्हणजे असं. सगळं घर आडवं झालेलं असायचं आणि मोठेबाबा खाटेवर उठून बसायचे, दाराकडे बघत.

"कोन आला?"

"कोनी नाई जी."

"बूट वाजले."

मोठी आई पदर सावरत दारापर्यंत जाऊन यायची. अंगणात कोंबड्या. बूट, मी टेबलावर वाजवलेले बूट. मला त्या दिवसांत टपरीवर चहा गोड लागेना.

एका दुपारी मी त्यांच्या पायाशी बसलो असताना त्यांनी मला सगळं सांगितलं. ते फौजेत पाण्याची गाडी चालवायचे. एकदा रस्त्याच्या कडेला पकडलेले शत्रूचे साहेब बसवून ठेवले होते, कडक ऊन होतं. एक जण बाजूला एकटाच बसलेला, पॅन्ट फाटलेली. मोठेबाबांनी त्याला आपल्या मगातून पाणी पाजलं. पुढच्या नाक्यावर झडती होणार, सगळं काढून घेणार, हे त्या साहेबालाही कळत होतं. त्यानं कमरेचा खंजीर काढला. म्यानातून उपसून एक बाजू दाखवली, दुसरी दाखवली, साखळी दाखवली, पुन्हा म्यानात घातला आणि मोठेबाबांच्या हातात दिला. मग खुणांनी सांगितलं. लढाई संपली की मी येईन.

"बघून घे, असा आहे, असाच दे, म्हणून दाखवला त्यानं," मोठेबाबा म्हणाले. "अमानत होती रे ते. माझी नोहे. मी हो म्हटलो. बापानं गावभर सांगितला, दुश्मनाचा हिसकला. बापाले खोटा कसा पाडू? पूजेत बसला, मंग कोन काढते?"

"तुमचं गाव त्याला माहीत होतं?"

"नाई. पन मी हो म्हटलो ना."

"मोठेबाबा, तो आता नव्वदीचा असेल. असलाच तर."

"येऊन राहिला तो. रोज येऊन राहिला. मी काय दाखवू त्याले? हे?" मग म्हणाले, "पायाले लागलं होतं त्याच्या. लंगडत होता."

लंगडा पाय मी दिला होता, दवनीवाड्याला, हशा आणि टाळ्यांसाठी. मोठेबाबांनी ही हकिकत आयुष्यात कोणाला सांगितली नव्हती, असं ते म्हणत होते. मग माझी गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती, की त्यांची हकिकत कशी कोण जाणे माझ्या तोंडातून बाहेर पडली होती? मी आजही ठरवू शकलेलो नाही. ठरवायला बसलो की दुपारची झोप जाते.

"पहिलेसारखा करून दे," ते म्हणाले. "मी मरायच्या आधी."

मी कापडात गुंडाळून खंजीर गोंदियाला नेला. तिथं सायकलच्या हँडलांना मुलामा चढवणारा एक जण होता. त्यानं खंजीर हातात घेऊन झेलून पाहिला. "मास्टरजी, ऐसा चमका दूँगा कि आँख पे हाथ रखना पड़ेगा." मी त्याच्या हातातून तो जवळपास हिसकावूनच घेतला. आता आमच्या घराण्यात खरोखरच कोणीतरी हिसकावला, म्हणायला हरकत नाही.

मग सकाळच्या गाडीनं नागपूर. तिथं फौजेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना जुन्या हत्यारांचा नाद होता. त्यांनी पांढरा टॉवेल पसरला, भिंग घेतलं आणि पाऊण तास पाहत राहिले. मग त्यांनी मला एकेक दाखवलं. ही हत्यार म्हणून केलेली वस्तूच नाही, म्हणाले. साहेब लोक समारंभाला पोशाखावर लटकवायचे ती. धार कधी लावलेलीच नाही, पेरू चिरणार नाही यानं. पात्यावर बारीक नक्षी होती ती राखेनं पुसली गेली, भिंगातून फक्त एका पानाचा देठ दिसतो. पितळेवर सोन्याचं पाणी होतं ते चिंचेनं गेलं. पक्ष्याची चोच आणि डोळे नारळाच्या शेंडीनं खाल्ले. म्यानात कुंकू आणि कोंडा जाऊन दगड झालाय, म्हणून खंजीर अर्ध्यावर अडतो.

"आणि रक्ताचा डाग?" मी विचारलं. माझा आवाज नाटकातलाच निघाला, सवयीनं.

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "इथे दरवर्षी ओलं काय ठेवता?"

कुंकवात भिजवलेले तांदूळ. रात्रभर. मग वर्षभर कोंड्यात, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या. आमच्या घराण्याच्या अंगठ्यानं तो डाग पाडला होता, आजोबांनी पाडला, मोठेबाबांनी टाळला म्हणून माझ्या वडिलांनी पाडला आणि अलीकडची काही वर्षं मीच पाडत होतो.

"पहिल्यासारखा होईल?"

"गेलेलं परत येत नाही. आता फक्त कोरड्या कापडानं पुसा आणि तेलाचा हात लावा." मग टॉवेलची घडी करता करता ते म्हणाले, "एवढं प्रेम केलं नसतं तुम्ही, तर बरा राहिला असता हो."

घरी आल्यावर मी मोठेबाबांना सांगितलं की यानं कोणाचं रक्त सांडलेलं नाही. मला वाटलं होतं, ऐकून जीव भांड्यात पडेल. ते म्हणाले, "ते मले माहीत आहे. होते काय पहिलेसारखा?" मी नकारार्थी मान हलवली. ते भिंतीकडे वळले.

त्यानंतर जेवण जवळपास सुटलंच. पेज दिली तर दोन घोट. मोठी आई चुलीपाशी बसून स्वतःच्या तळहातांकडे बघत राहायची.

"याच हातानं घासला," ती एकदा मला म्हणाली. "मानूस पूजेनं मारला मी." आणि मग डोळे पुसून एकदम माझ्यावर उलटली. "तू काऊन असा बसून राहिला? मंडईत खोटं बोलून गावाले रडवतेस. आपल्या मोठ्याबाबासाठी एक खोटं नाई बोलत येत तुले?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. खोलीत कोपऱ्याला माझी नाटकाची पेटी होती. त्या वर्षी मंडईच्या नाटकात मी जुलमी इंग्रज अधिकारी करत होतो. टोपी, पट्टा, बिल्ले, बूट, सगळं पेटीत.

"ओळखतील ते," मी म्हणालो.

"एक डोळा नवा आहे, दुसरा जुनाच आहे. जुन्या बाजूनं जा."

अशी माझी दिग्दर्शिका. दुसऱ्या दिवशी दुपारी गोठ्याच्या आडोशाला मी तोंडाला पावडर थापली, भुऱ्या मिश्या चिकटवल्या, बूट चढवले. गुडघ्यात ताठ धरून लंगडण्याची तालीम केली, तर म्हैस खायची थांबून बघत राहिली. मला हसू येत होतं, खोटं कशाला बोलू. पहिल्या प्रवेशाआधी येतं तसंच.

ठक... ओढ. ठक... ओढ. अंगणातून, पायरीवरून, आत.

मोठेबाबा उठून बसलेलेच होते. त्यांनी विचारलं नाही, कोण आला. पाय खाली सोडले, भिंतीला धरून उभे राहिले आणि त्या हडकुळ्या हातानं कडक सॅल्यूट ठोकला. मीही सॅल्यूट दिला. माझं हसू तिथंच गेलं.

त्यांनी उशाखालून खंजीर काढला. दोन्ही हातांवर घेऊन माझ्यासमोर धरला आणि बोलू लागले. साहेबाला मराठी येत नाही, याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

"साहेब, हे पाहा. बेलबुट्टी नाई राहिली. पाखराची चोच गेली. साखळी हरवली. म्यानात पूरा जात नाई. हा डाग आमचा आहे, तुमचा नोहे." प्रत्येक वाक्याला ते बोटानं जागा दाखवत होते आणि खंजीर उलटा करून दुसरी बाजू. साहेबानं त्यांना दाखवला होता तसाच. "घरचे लोक चांगलेच होते. देव मानून ठेवला. पन जसा देला तसा मी नाई जपलो. मले माफी द्या."

मी खंजीर घेतला. घसा खाकरून म्हणालो, "ठीक है. ठीक है, जवान."

माझा संवाद इथं संपत होता. मोठ्या आईनं आणि मी एवढंच ठरवलं होतं. मी वळणार, तेवढ्यात मोठेबाबांनी उजवा हात पुढे केला, तळवा वर.

"आन माझा करदोडा?"

मी नट आहे. वीस वर्षं रंगमंचावर उभा होतो. समोरच्यानं संवाद चुकवला, पडदा अडकला, माईक मेला, तरी मी कधी अडलो नव्हतो. त्या दुपारी अडलो. दाराआड मोठ्या आईनं पदर तोंडात कोंबलेला मला दिसत होता. तिलाही हे नवंच होतं. नदीत पडलेला करदोडा. कोणाची अमानत घेतली तर आपली खूण मागे ठेवायची, ही आमच्याकडची रीत. वीस-एकवीस वर्षांच्या पोरानं आईनं बांधलेली चांदी कमरेची सोडून एका बंदिवान साहेबाच्या हातात ठेवली होती, आणि हात पुढे करून आता ती परत मागत होता.

मी त्या हाताकडे पाहत राहिलो. शेवटी माझ्या तोंडून निघालं, "गुम गया."

मोठेबाबांनी पुढे केलेला हात हळूच खाली घेतला. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं, गेलं सगळं, रडताहेत. पण ते हसत होते. बोळक्या तोंडानं, आवाज न करता.

"तुमच्यानं बी नाई जपला!" ते म्हणाले. "मंग बराबर झाला साहेब. बसा. पानी प्या."

त्यांनी स्वतः माठातलं पाणी तांब्यात काढून मला दिलं. मी मिशी सांभाळत प्यायलो. लंगडत बाहेर पडलो आणि गोठ्यामागे जाऊन बूट काढून बसलो. खूप वेळ बसलो. घरातून मोठ्या आईचा आवाज आला, "जरा भात वाढू काय जी?" आणि त्यांचं उत्तर, "वाढ. वरन बी वाढ."

दुसऱ्या दिवशी तोंड स्वच्छ धुऊन, मास्तरचे कपडे घालून मी त्यांच्याकडे गेलो. चेहरा निरागस ठेवला, तो मला छान जमतो.

"काल साहेब आले होते म्हणे?"

"आले होते. दोघं आले होते."

"दोघं?"

"एक तू होता," मोठेबाबा पानाला चुना लावत म्हणाले. "डाव्या पायानं लंगडत होता. साहेबाचा उजवा होता. दुसरा तुझ्या मागं दरवाज्यात उभा होता. तो काई बोलला नाई. पन तू म्हटलास ना, गुम गया? त्यानं हो म्हणून मान हलवली."

त्यांनी पान तोंडात टाकलं आणि माझ्याकडे पाहून ते नव्या डोळ्यानं असं हसले की आमच्या घरात नट मी एकटाच होतो का, याचीही शंका मला तेव्हापासून आहे. दारात खरंच कोणी दिसलं होतं, की म्हातारा माझ्यावर मात करत होता? त्यानंतर ते चार वर्षं जगले. दुपारी गाढ झोपत. बूट त्यांना पुन्हा ऐकू आले नाहीत. धान कापणीच्या दिवसांत, झोपेतच गेले.

खंजीर माझ्याकडे आहे. कोरड्या सुती कापडानं पुसतो, तेलाचा हात लावतो, कपाटात ठेवतो. पूजेत ठेवत नाही; दसऱ्याला फाळ आणि विळे पुन्हा मधोमध बसतात. मोठी आई होती तोवर दरवर्षी विचारायची, "घासू काय जरा?" आणि मी हात जोडायचो. नागपूरच्या त्या गृहस्थांनी दोनदा फोन करून मागितला, आहे त्या स्थितीत घेतो म्हणाले. मी सांगितलं, माझा नाही. मग कोणाचा, असं त्यांनी विचारलं, आणि पुन्हा एकदा आयुष्यात माझा संवाद अडला. कारण मोठेबाबांनी तो साहेबाला परत दिला, आणि साहेब म्हणून घेतला मी. त्याच्या हाती तो गेलाच नाही.

ती गोष्ट मी आता टपरीवर सांगत नाही. पण स्थिती पाठ आहे. नक्षी नाही, फक्त एका पानाचा देठ. पाखराला चोच नाही. साखळी नाही. म्यानात अर्ध्यावर अडतो. डाग आमचा. अधूनमधून दुपारी, घरात कोणी नसताना, मी हे मोठ्यानं म्हणून पाहतो, एक बाजू, मग दुसरी. आणि दारात कोणी आलं, पोस्टमन असो की भाजीवाला, मी आधी त्याचा उजवा पाय बघतो.